बकुळीचे चित्र आणि तीन वैद्य

बकुळीचे फूल वाळले तरी त्याचा वास सरत नाही, हे आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. गोव्यात आणि तळकोकणात तिला ओवळ म्हणतात. आईच्या किंवा आजीच्या जुन्या प्रार्थनापुस्तकात दोन पानांच्या मध्ये ओवळीची चार-पाच तपकिरी फुले सापडावीत आणि गेलेले माणूस क्षणभर समोर येऊन उभे राहावे, असा अनुभव पुष्कळांच्या गाठी असेल. या बकुळीचे एक चित्र आहे. ते साडेतीनशे वर्षांपूर्वी तांब्याच्या पत्र्यावर कोरले गेले आणि आम्सटरडॅम शहरी छापले गेले. आज आम्हांस त्याच चित्राविषयी लिहावयाचे आहे. किंबहुना चित्रापेक्षाही त्याच्या कोपऱ्यात जी काही अक्षरे आहेत, त्यांविषयी.

ज्या ग्रंथात हे चित्र आहे त्याचे नाव ‘होर्तुस मलबारिकुस’, म्हणजे मलबारची बाग. याचे बारा भाग १६७८ ते १६९३ या काळात प्रसिद्ध झाले. पाने मोठी, भाषा लॅटिन, वनस्पती सातशे चाळीसच्या घरात आणि चित्रे सुमारे सातशे नव्वद. पहिल्या भागाचा आरंभ नारळाने होतो, हे मलबारास शोभेसेच आहे. त्याच भागातील एकोणिसावे चित्र सोनचाफ्याचे, विसावे बकुळीचे, एकविसावे पारिजातकाचे आणि बाविसावे बहाव्याचे. एकामागून एक ही चार पाने उलटताना आपण दूर युरोपात छापलेले पुस्तक पाहत आहोत असे वाटतच नाही. घरामागील परसात फिरत आहोत असे वाटते. चित्रे बहुधा दोन पाने व्यापणारी, फांदी शक्य तेथे मूळ आकाराएवढी, पानांच्या शिरा एकेक मोजाव्यात अशा. रंग नाही, केवळ काळी रेघ आहे. पण पानाची पाठ कोणती आणि पोट कोणते हे त्या रेघेवरून कळते.

आणि कोपऱ्यात अक्षरे आहेत. एकाच झाडाचे नाव एकाखाली एक असे निरनिराळ्या लिप्यांत कोरलेले: रोमन अक्षरांत मलबारी नाव, तेच मलयाळम लिपीत, मग अरबी अक्षरांत आणि शेवटी नागरीत. होय, आपल्या नागरीत. त्या नागरी नावांस ग्रंथकर्त्याने ‘ब्राह्मणांच्या भाषेतील’ नावे असे म्हटले आहे. ही भाषा म्हणजे कोंकणी. डच कंपनीचा सेनापती, लॅटिन ग्रंथ, मलबारचे अरण्य, आणि तेथे कोंकणी कोठून आली? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्ही ज्या हकिकतीपर्यंत पोहोचलो, ती वाचकांपुढे ठेवतो.

ग्रंथ ज्याच्या नावावर आहे तो हेंड्रिक आद्रियान फान रेडे हा डच सरदार घराण्यातील पुरुष. १६३६ साली जन्मलेला, विशीतच घर सोडून ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत शिरलेला. १६६३ च्या जानेवारीत डचांनी पोर्तुगीजांकडून कोचीन घेतले त्या मोहिमेत तो होता, आणि १६७० ते १६७७ या काळात तो डच मलबारचा मुख्य अधिकारी होता. वनस्पतिशास्त्राचे शिक्षण त्यास नव्हते. त्यास दिसले ते व्यवहारी डोळ्यांना दिसणारे: हिंदुस्थानातील औषधी युरोपात जातात, तेथून जुन्या व बिघडलेल्या होऊन दामदुपटीने परत येतात आणि कंपनीचे आजारी शिपाई व खलाशी त्याच घेतात. उशापायथ्याशी ताजे औषध उभे असता हा खटाटोप कशास? शिवाय कोचीन हे ठाणे कंपनीच्या दृष्टीने किती मोलाचे आहे हे वरिष्ठांस पटवून देणे त्याला अगत्याचे वाटत होते. सिंहलद्वीपातील कोलंबोचा पक्ष घेणारे बलिष्ठ लोक कंपनीत होते. अशा मिश्र हेतूंनी पुष्कळ चांगली कामे जगात होतात. हेतू शुद्ध असावा म्हणून थांबून राहिले असते, तर हा ग्रंथ झालाच नसता.

परंतु आरंभी त्याचा हात धरला तो एका कॅथलिक संन्याशाने. हा भाग आमच्या वाचकांस विशेष जिव्हाळ्याचा वाटेल. डचांनी कोचीन घेतल्यावर युरोपीय कॅथलिक धर्मगुरूंना तेथून निघून जाण्याचा हुकूम झाला. बिशप जोसेफ सेबास्तियानी यांस जावे लागले. जाण्यापूर्वी १ फेब्रुवारी १६६३ रोजी त्यांनी परंबिल चांडी या तेथीलच धर्मगुरूंस बिशपपदाची दीक्षा दिली, म्हणजे मेंढरे मेंढपाळावाचून राहू नयेत. अशा कडक दिवसांत ज्या कार्मेलाईट संन्याशास डच अधिकाऱ्याने जवळ केले, ते म्हणजे सेंट जोसेफचे फादर मत्तेउस. ते मूळचे नेपल्सचे. संन्यास घेण्यापूर्वी त्यांनी वैद्यकीचे शिक्षण घेतले होते, आणि पश्चिम आशियात हिंडताना जेथे जेथे गेले तेथील झाडे काढीत गेले होते. त्यांनी पाठविलेल्या रेखाटनांपैकी काही बोलोन्याच्या जाकोमो झानोनी याने १६७५ साली आपल्या ग्रंथात छापली. वनस्पतींची ओढ हा एकच धागा प्रॉटेस्टंट सेनापती आणि कॅथलिक संन्यासी यांस जवळ आणण्यास पुरला. १६७३ साली वरापुळा येथे कार्मेल मातेचे जे मंदिर उभे राहिले, त्यामागे फादर मत्तेउस यांचेच श्रम होते. डचांचा अंमल नवा असता आणि कॅथलिक धर्मगुरूंवर त्यांचा रोष असता असे मंदिर उठावे, ही गोष्ट या स्नेहावाचून घडली असती असे आम्हांस वाटत नाही.

फादर मत्तेउस यांनी आपली रेखाटने रेडेस दिली. ती फार परिश्रमाची होती, परंतु जे काम रेडेच्या मनात आकार घेत होते त्यास ती पुरी पडणारी नव्हती. मग सारा बेतच नव्याने मांडण्यात आला. येथे फादरांनी रुसून अंग काढून घेतले नाही. ते साहाय्य करीतच राहिले. आपले काम बाजूस ठेवून दुसऱ्याचे अधिक चांगले काम पुढे जाऊ देणे हे किती कठीण असते, हे ज्याने चार लोकांबरोबर कसलेही काम केले आहे त्यास ठाऊक असेल.

नवा बेत कसा चालला, याचे वर्णन रेडेने स्वतः तिसऱ्या भागाच्या प्रस्तावनेत केले आहे. हा भाग त्याने कोचीनच्या राजास अर्पण केला आहे. झाडांची ओळख असणारी माणसे रानात पाठविली जात. ती माणसे पाने, फुले, फळे, बिया घेऊन येत. फुलाचा हंगाम निराळा व फळाचा निराळा, म्हणून एकाच झाडाकडे पुन्हा पुन्हा जावे लागे. आणलेली फांदी कोमेजण्यापूर्वी तीन-चार चितारी ती समोर ठेवून लगोलग काढीत. त्यांच्याजवळ विद्वान वैद्यांची मंडळी बसलेली असे आणि झाडाचे नाव, गुण, उपयोग यांविषयी चर्चा होई. ही चर्चा कधी कधी वादापर्यंत जाई; परंतु तो वाद फार सभ्यपणे चाले, असे रेडेने कौतुकाने नमूद केले आहे. चिताऱ्यांपैकी आंतोनी गोटकिंट आणि मार्सेलिस स्प्लिंटर ही दोन नावे टिकली आहेत. रानातून डोक्यावर भारे आणणाऱ्यांपैकी एकाचेही नाव टिकलेले नाही.

वैद्यांची नावे मात्र टिकली, आणि ती कशी टिकली यातच या ग्रंथाचे खरे वेगळेपण आहे. पहिल्या भागाच्या प्रारंभी काही दाखले छापले आहेत. न्यायकचेरीत साक्षीदाराचा जबाब सही-शिक्क्यानिशी जोडावा, तसे. एक दाखला इट्टी अच्युतन या वैद्याचा. हे चेर्तलजवळील कडक्करप्पळ्ळी गावचे, एळव समाजातील, पिढीजात वैद्य. त्यांच्या घरी पूर्वजांनी ताडपत्रावर लिहून ठेवलेला औषधीसंग्रह होता. त्यातून ते सांगत आणि कोचीनचा दुभाषी मनुएल कार्नेरो ते पोर्तुगीजमध्ये उतरवी. त्याचाही दाखला आहे. पोर्तुगीजमधून लॅटिन करण्याचे काम कचेरीचा चिटणीस फान दोनेप आणि डच पाद्री योहान्नेस कासेआरियस यांजकडे होते. हा कासेआरियस तरुणपणी तत्त्वज्ञ स्पिनोझा याचा विद्यार्थी होता, हे जाता जाता सांगतो. जग तेव्हाही लहानच होते. बिचारा पहिला भाग छापून होण्यापूर्वीच १६७७ साली वारला.

आणि दुसरा दाखला तिघांचा मिळून आहे: रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट. दिनांक २० एप्रिल १६७५, म्हणजे शके १५९७. रायगडावर राज्याभिषेक होऊन तेव्हा वर्षही पुरे झाले नव्हते. दाखला कोंकणीत आणि नागरी लिपीत आहे. सेनापतींच्या आज्ञेवरून आम्ही दोन वर्षे सकाळ-संध्याकाळ हे काम केले आणि ‘महानिघंटु’ या आमच्या ग्रंथाच्या आधारे वनस्पतींची नावे व गुण सांगितले, असा त्याचा आशय.

हे तिघे कोचीनला कसे, हे गोव्याच्या वाचकांस सांगण्याची फारशी गरज नाही. सोळाव्या शतकात गोव्यात जे घडले त्यामुळे कित्येक सारस्वत कुटुंबे देव आणि पोथ्या घेऊन दक्षिणेकडे निघाली. काही कारवार व मंगळूरकडे थांबली, काही कोचीनपर्यंत गेली. ज्या राजवटीने त्यांस घर सोडावयास लावले ती आमच्याच धर्माचे नाव घेत होती. ही गोष्ट लपविण्यात अर्थ नाही, आणि ती लपवून या तिघांविषयी आदराने लिहिताही येणार नाही. परक्या मुलखात त्यांनी भाषा सोडली नाही, लिपी सोडली नाही. म्हणूनच शंभर वर्षांनंतर मलबारच्या झाडांची नावे सांगताना ती नावे कोंकणीत आली. सह्याद्रीचे रान गोव्याच्या खाली संपत नाही. तोच पाऊस, तोच जांभा दगड, पुष्कळशी तीच झाडे. वैद्यांना रान ओळखीचे वाटले असले पाहिजे.

या दोन दाखल्यांत श्रेष्ठ कोणता, ग्रंथातील ज्ञान अधिक कोणाचे, यावर विद्वानांत बराच वाद झाला आहे. कोणी इट्टी अच्युतन यांस सारे श्रेय देतात. कोणी संस्कृत निघंटूंच्या बाजूने बोलतात. आम्ही या वादात पडत नाही. पण एक नजरेस आणावेसे वाटते. ज्या समाजात हे वैद्य राहत होते तेथे एळवाने आणि ब्राह्मणाने एका ओसरीवर बसणेही सोपे नव्हते. दोघांचे दाखले एकाच ग्रंथात, एकाच दिनांकाचे, शेजारी शेजारी आहेत.

आता तांब्याकडे वळू. कारण आमच्या मते या कथेतील सर्वांत नवलाचा भाग तोच आहे.

कोचीनला काढलेली चित्रे जहाजाने हॉलंडला गेली. तेथे ती तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर उतरविण्यात आली. कोरणी घेऊन कारागीर रेघ खोदतो. पत्र्यावर शाई फासतो. मग वरची सारी शाई पुसून टाकतो, म्हणजे शाई उरते ती केवळ खोदलेल्या चरांत. त्यावर ओलसर कागद ठेवून दोन रुळांच्या मधून पत्रा जोराने दाबून काढला की चरांतील शाई कागद ओढून घेतो. लाकडी ठशात उंच राहिलेली रेघ छापते, येथे खोल गेलेली. एवढा हा भेद. म्हणूनच तांब्यावर केसाएवढी बारीक रेघ साधते. अशा चित्राच्या चारी बाजूंस पत्र्याच्या कडेचा किंचित दबलेला ठसा कागदावर उमटतो. जुन्या चित्रावर बोट फिरवून तो ठसा लागतो की नाही हे पाहणे ही पारख्याची पहिली परीक्षा.

यात एक अडचण अशी की, छापताना सर्व काही उलटे होते. पत्र्यावर डावीकडे जे असते ते कागदावर उजवीकडे येते. झाडाच्या फांदीला याचे फारसे सुखदुःख नाही. परंतु वेलीला आहे. काही वेल उजवे वळण घेतात, काही डावे, आणि हे वळण त्यांच्या जातीचा स्वभाव असते. कारागीर बेसावध राहिला तर वेल भलत्याच दिशेने चढतो. शंखाचेही तसेच. रेम्ब्रांट हा केवढा थोर चित्रकार! त्याने १६५० साली एक शंख तांब्यावर काढला. सही उलटी कोरण्याचे त्याच्या ध्यानात राहिले, म्हणून छापल्यावर ती सुलटी आली; शंख मात्र जसा दिसला तसा काढला, म्हणून छापल्यावर तो उलट्या पिळाचा झाला. निसर्गात त्या जातीचा तसा शंख मिळत नाही.

जेथे रेम्ब्रांटची ही गत, तेथे त्या आम्सटरडॅमच्या कारागिराचा विचार करा. त्यास मलयाळम येत नाही, अरबी येत नाही, नागरी येत नाही. त्याच्यापुढे कागद आहे, त्यावर तीन अगम्य लिप्यांतील काही वळणे आहेत आणि ती वळणे त्याला आरशात दिसावीत तशी उलटी कोरावयाची आहेत. शिरोरेघ कोठे तुटते, काना कोठे संपतो, अनुस्वाराचा टिंब हा अक्षराचा भाग की कागदावरील डाग, हे त्याने कसे ठरविले असेल? काही ठिकाणी तो चुकला आहे. अभ्यासकांस काही नावे लावताना कष्ट पडतात. पण बहुतेक ठिकाणी तो चुकलेला नाही. वाचता न येणारे अक्षर त्याने चित्र समजून काढले, आणि ज्या निष्ठेने बकुळीच्या पानाची शीर काढली त्याच निष्ठेने ‘ब’ची पोकळीही काढली. सबंध दाखलाही असाच पत्र्यावर कोरून छापला आहे.

कोरून छापला, कारण खिळ्यांनी छापण्याची सोयच नव्हती. देवनागरीचे खिळे तेव्हा छापखान्यांना ठाऊक नव्हते. आमच्या वाचकांस फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’ची आठवण होईल. मराठीतील एवढा थोर ग्रंथ १६१६ साली रायतूर येथे छापला गेला तो रोमन अक्षरांत, कारण हेच. त्यानंतर १६६७ साली आम्सटरडॅम येथेच आथानासियुस किर्शर या जेझुइट पंडिताच्या चीनविषयक ग्रंथात नागरी अक्षरांची काही पाने निघाली. आग्रा मिशनचे फादर हाइन्रिख रोट यांनी ती त्यास पुरविली होती, आणि तीही तांब्यावर कोरलेली होती. त्यापाठोपाठ दहा-अकरा वर्षांत आलेला आपल्या तीन वैद्यांचा दाखला हा छापील नागरीच्या अगदी पहिल्या नमुन्यांपैकी एक ठरतो. स्टीफन्सना जे खिळ्यांत मिळाले नाही, ते रंग भटांना तांब्यात मिळाले.

याच ग्रंथाच्या मुखचित्राविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. एका मंडपाखाली वनस्पतिविद्येची देवी बसली आहे. ती युरोपीय स्त्री आहे. तिच्यापुढे हिंदी तरुण गुडघे टेकून कुंड्यांतील रोपे अर्पण करीत आहेत. चित्र देखणे आहे; त्या काळच्या ग्रंथांची ती रीतच होती. परंतु पान उलटून आत गेल्यावर दाखले लागतात, आणि तेथे कोणीही गुडघे टेकलेले नाही. तेथे माणसे आपल्या नावाने, आपल्या भाषेत, आपल्या ग्रंथाचा हवाला देऊन बोलत आहेत. मुखचित्र काढणाऱ्याने आतील मजकूर वाचला नसावा, असा आमचा तर्क आहे.

पुढील शतकात स्वीडनच्या लिनेयस याने साऱ्या जगातील झाडांस दोन-दोन शब्दांची लॅटिन नावे देण्याचा संकल्प केला. त्याचा मुख्य ग्रंथ १७५३ चा. मलबार त्याने कधी पाहिले नाही. तेथील झाडांसाठी त्याचा मोठा आधार म्हणजे ही चित्रे. बकुळीला मलबारात ‘इलंजी’ म्हणत. रेडेच्या ग्रंथात ते ‘एलेंगी’ झाले, आणि लिनेयसने ते नाव तसेच उचलून झाडास ‘मिमुसोप्स एलेंगी’ म्हटले. सोनचाफ्याच्या लॅटिन नावात ‘चंपाका’ राहिले ते असेच. आज जगातील कोणत्याही वनस्पती-उद्यानात बकुळीपुढील पाटीवर मलबारच्या अंगणातील शब्द लिहिलेला असतो, आणि पाटी वाचणारा तो लॅटिन समजून वाचतो.

याहूनही मोठी गोष्ट ताडवर्गाची आहे. शास्त्रीय नावाचा नियम असा की, प्रत्येक नावामागे एक अधिकृत नमुना असावा लागतो. शंका आली की तो काढून पाहावयाचा. बहुतेक ठिकाणी हा नमुना म्हणजे वाळवून कागदास चिकटविलेली फांदी. परंतु माडाचे किंवा पोफळीचे झाड वाळवून कागदावर कसे चिकटवावे? लिनेयसपाशी तसे काही नव्हते. रेडेची चित्रे होती. म्हणून सुपारी, भेरली माड, आणि जन्मात एकदाच फुलून मरणारा तो प्रचंड श्रीताड यांच्या नावांचा अधिकृत आधार आजही हे कोरीव चित्रच मानले जाते. श्रीताडासाठी तर तिसऱ्या भागाच्या आरंभीची बारा चित्रे खर्ची पडली आहेत. याच झाडाच्या पानावर मलबारात पोथ्या लिहीत.

ग्रंथ पुरा झालेला पाहणे रेडेच्या नशिबी नव्हते. कंपनीच्या कारभाराची तपासणी करीत हिंडत असता कोचीनहून सुरतेस जाताना १५ डिसेंबर १६९१ रोजी मुंबईच्या समुद्रात जहाजावरच त्याचा अंत झाला. शेवटचे भाग त्यानंतर निघाले. त्यास सुरतेत पुरले आहे. तेथे कतारगाम दरवाज्याजवळील डच कबरस्तानात त्याची भव्य घुमटी अजून उभी आहे. वडोदरा-सुरतकडील वाचकांनी ती जाऊन पाहावी. आत ज्याची कबर आहे त्याचा आपल्या परसातील ओवळीशी काय संबंध, हे तेथे येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी थोड्यांसच ठाऊक असेल.

इट्टी अच्युतन यांच्या घराण्यातील ते ताडपत्री पुस्तक आज उपलब्ध नाही. त्यांच्या मूळ घराच्या जागी त्यांचे स्मरणस्थान आहे. तीन कोंकणी वैद्यांची अशी जागा आमच्या पाहण्यात आलेली नाही. त्यांची जागा म्हणजे तो छापील दाखला. चिताऱ्यांनी काढलेल्या मूळ रेखाटनांचा काही संग्रह लंडनला सुरक्षित आहे. आणि लॅटिनच्या कुलपात बंद असलेला हा ग्रंथ उघडण्याचे काम कालिकत विद्यापीठाचे डॉ. के. एस. मणिलाल यांनी केले. त्यांनी अर्धशतक या एका ग्रंथास दिले. चित्रातील जवळजवळ प्रत्येक झाड केरळच्या रानात पुन्हा शोधून काढले. २००३ साली इंग्रजी आणि २००८ साली मलयाळम भाषांतर प्रसिद्ध केले. २०२० मध्ये त्यांस पद्मश्री मिळाली. १ जानेवारी २०२५ रोजी ते निवर्तले. तीनशे पंचवीस वर्षे जे ज्ञान मलबारातून घेतले गेले ते मलबारच्याच माणसाला वाचता येत नव्हते, ते त्यांच्यामुळे वाचता आले. मराठीत वा कोंकणीत असा प्रयत्न व्हावा, ही आमची इच्छा आहे. बारा भाग नकोत, निदान पहिला भाग आणि नागरीतील सारी नावे एकत्र करून.

एक खंत मात्र बोलून दाखवितो. अशा जुन्या ग्रंथांची पाने फाडून, एकेक चित्र चौकटीत घालून विकण्याचा धंदा पुष्कळ शहरांत चालतो. दिवाणखान्याच्या भिंतीवर चित्र शोभते, हे खरे. परंतु पान सुटले की दाखला सुटतो. भिंतीवर बकूळ राहते आणि ती कोणी सांगितली हे नाहीसे होते. काही ठिकाणी तर चौकट नीट बसावी म्हणून कडा कापतात.

सुदैवाने हे सारे भाग आता मोठ्या ग्रंथालयांनी छायाचित्रे घेऊन सर्वांस खुले केले आहेत. ज्याच्या घरी संगणक आहे त्यास एक पैही न देता ते पाहता येतात. ज्यांस सवड होईल त्यांनी पहिला भाग उघडावा, आरंभीचा नागरी दाखला पाहावा, आणि मग विसाव्या चित्रावर थांबावे. कोपऱ्यातील नागरी नाव प्रथम नीट लागत नाही, कारण वळणे जुनी आहेत आणि कोरणाराचा हात परका आहे. घरातील एखाद्या वडील माणसास शेजारी बसवून घ्यावे आणि ते नाव मोठ्याने वाचावयास सांगावे.